पंधरा मिनिटांत चुंबकीय क्षेत्र

चुंबकीय क्षेत्र म्हणजे काय, हे मी कुणालाही पंधरा मिनिटांत समजावून सांगू शकते! कुणालाही! हातात पुस्तक न घेता!

हसू नका. मी नववीत शाळा सोडली हे खरं आहे. पण तेव्हापासून दोन वर्षं मी मामाच्या दुकानात जळलेल्या मोटारी भरते. मोटार भरायची म्हणजे आतली जळकी तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची. पंखा, पंप, मिक्सर, जे जे फिरतं आणि जळतं ते ते आमच्याकडे येतं. विज्ञानाच्या सरांनी जे फळ्यावर लिहून दिलं ते मी रोज बोटांनी चाचपते. तेव्हा एवढी शेखी मिरवायचा मला हक्क आहे.

होता, म्हणजे. गेल्या बुधवारपर्यंत.

बुधवारी संध्याकाळी दुकानातून घरी आले तर माझी धाकटी बहीण टेबलाभोवती गोल गोल फिरत होती. ती आठवीत आहे. आम्ही तिला पोपट म्हणतो. मला घरात ठिणगी म्हणतात. का ते विचारू नका, विचारलंत तर भडकेन.

"चुंबकाच्या सभोवतालच्या ज्या भागात चुंबकाचा प्रभाव जाणवतो, त्या भागाला चुंबकीय क्षेत्र म्हणतात. चुंबकाच्या सभोवतालच्या ज्या भागात..."

"म्हणजे काय?" मी चप्पल काढता काढता विचारलं.

"म्हणजे चुंबकाच्या सभोवतालच्या ज्या भागात चुंबकाचा..."

"ते ऐकलं गं! म्हणजे काय?"

पोपट थांबली. माझ्याकडे असं बघितलं जणू मी तिला भिंतीचं वजन विचारलंय. "ताई, 'म्हणजे काय' असं पेपरात विचारत नाहीत. उद्या विज्ञानाचा पेपर आहे. मला फिरू दे."

माझं डोकंच फिरलं! "बस खाली! पंधरा मिनिटं दे मला. आयुष्यभर विसरणार नाहीस!"

तेवढं मात्र खरं झालं.

सुरुवात मी विजेपासून केली. प्लॅस्टिकची पट्टी घेतली, कागदाचे बारीक तुकडे केले आणि पट्टी पोपटच्या केसांवर घासली. तुकड्यांजवळ नेली. तुकडे ढिम्म! परत घासली. ढिम्म! हात बघितला तर कोपरापर्यंत तेल. हिच्या डोक्याला इतकं तेल, की तेवढ्यात मामाच्या दुकानातले सगळे पंखे वर्षभर फिरतील!

आईनं नुकतेच केस धुऊन वाळवले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन मागून पट्टी घासायला लागले.

"अगं ए! माझ्या डोक्याशी काय चाललंय?"

"शास्त्र आहे आई, हलू नकोस!"

पट्टी घेऊन पळत आले. आता तुकडे टणाटण उड्या मारून पट्टीला चिकटले. पोपटचे डोळे मोठे झाले.

"बघ! पट्टी तुकड्यांना शिवली होती का? नाही ना? तरी आले! पट्टीवर प्रभार साठला की तिच्याभोवतीची नुसती हवासुद्धा पहिल्यासारखी राहत नाही. तिथे जो येईल त्याला ओढ बसते. जवळ जास्त, लांब कमी. त्याला म्हणायचं विद्युत क्षेत्र. आता असं बघ, आई स्वयंपाकघरात रागावलेली असते, आपण बाहेर बसलेलो असतो. ती काही बोलली नाही, आपल्याला शिवली नाही, तरी आपल्याला कळतं की नाही?"

"कळतं!"

"ओट्याजवळ गेलं की जास्त कळतं?"

"खूप जास्त!"

"आणि जिन्यात?"

"जिन्यात कमी."

"झालं! हेच क्षेत्र!"

"मी ऐकतेय हं!" स्वयंपाकघरातून आवाज आला. आम्ही दोघी एकदम ताठ बसलो. एवढा चांगला प्रयोग कुठल्याही प्रयोगशाळेत झाला नसता.

मग मी पिशवीतून चुंबक काढला. मोडक्या स्पीकरमधला, वडाच्या पानाएवढा रुंद आणि विटेएवढा जड. एकदा लोखंडी कपाटाला चिकटवला तर काढायला मामाला पाय लावावा लागला होता. चुंबकावर जाड कागद ठेवला आणि कागदावर दुकानातून आणलेला लोखंडाचा कीस भुरभुरला. टिचकी मारली. कीस सरसरत वळला आणि कागदावर गोल गोल रेषांचं फूल उमटलं.

"अय्या!" पोपट म्हणाली.

"हे क्षेत्र! ते आधीपासून होतंच, कीस टाकल्यावर दिसलं एवढंच! आणि एक लक्षात ठेव. कागद मध्ये घाल, काच घाल, लाकडाची फळी घाल, ते थांबत नाही! फळीला कळतसुद्धा नाही की आपल्यातून काही गेलं!" मी टेबलावर हात आपटून सांगितलं.

हात आपटला म्हणून कीस उडाला. जमिनीवर, सतरंजीवर, बघायला बाहेर आलेल्या आईच्या धुतलेल्या केसांवर.

"आवर ते सगळं! आत्ताच्या आत्ता!"

मी चुंबक उचलून टेबलाच्या खणात कोंबला आणि झाडू घेतला. तेवढ्यात बाबा आले.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा आमच्याच शाळेत शिपाई आहेत. म्हणजे पाणी भरतात, फळे पुसतात, वर्ग उघडतात, पण ते सगळं बाकीच्या वेळात. बाबांचं खरं काम घंटा. पितळेची, ताटाएवढी. बाबा ती दर शनिवारी घासतात. बावीस वर्षांत एक घंटा चुकलेली नाही. ना एक मिनिट आधी, ना एक मिनिट नंतर.

आणि आमच्या शाळेत घंटा म्हणजे साधी गोष्ट नाही. मागे एका परीक्षेत पाच वर्गांत पाच घड्याळं होती आणि पाच वर्गांचा पेपर पाच वेळांना संपला. पालकांनी शाळा डोक्यावर घेतली. तेव्हापासून मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्या भिंतींवरची घड्याळं उतरवली. परीक्षेच्या दिवशी मनगटावरचीही बंद, मोबाइल पेटीत. "शाळेत वेळ एकच! घंटा झाली की वेळ झाली!" आणि घंटा होते बाबांच्या हातातल्या किल्लीच्या घड्याळावर.

पण महिन्यापूर्वी ऑफिसात एक खोका आला. आपोआप वाजणारी विजेची घंटा. बाई बाबांना म्हणाल्या, "अजून लावत नाही. तुमची एक घंटा चुकली ना, की त्याच दिवशी लावेन." बाबा हसले. पण तेव्हापासून रोज घरी आले की एकदा तरी सांगतात, "खोका अजून बंदच आहे."

तर त्या संध्याकाळी ठीक सात वाजता बाबांनी रोजच्यासारखं घड्याळ काढलं, बावीस वेळा किल्ली फिरवली, टेबलाच्या कोपऱ्यात रुमालाची घडी ठेवली आणि त्यावर घड्याळ ठेवलं. "खोका अजून बंदच आहे," म्हणाले.

सकाळी घड्याळ बंद होतं. काटे सात वाजून चार मिनिटांवर थांबलेले.

"मी काल किल्ली दिली होती ना गं?" बाबांनी आईला विचारलं.

"दिली असेल. नसेलही. वय झालं आता."

बाबांनी घड्याळ हातात घेऊन हलवलं. ते टिकटिकायला लागलं. बाबांनी दोनदा कानाला लावलं आणि निघून गेले. मी घाईत होते, बाबांकडे नीट बघितलंही नाही. एरवी मला काय काय दिसतं! माशीच्या पायाला लागलेली साखर दिसते!

आमचं दुकान शाळेच्या समोरच्या गल्लीत. पेपर नऊ ते अकरा. मी एका पंपात तार भरत होते तर रस्त्यावर गलका झाला. पोरं बाहेर पडत होती. त्यातून पोपट दुकानात आली, नाक लाल, डोळे लाल.

"ताई, शेवटचे चार प्रश्न राहिले! चुंबकाचेच! मी मुद्दाम शेवटी ठेवले होते, ते येत होते म्हणून!"

"पंधरा मिनिटं घालवली ना मी तुझ्यावर! मग? अक्षर कोरत बसलीस? समासात फुलं काढलीस?"

"नाही गं! भराभर लिहिलं! अर्ध्या वेळाची घंटा झाली, मग लगेच इशाऱ्याची झाली, मग लगेच शेवटची!"

"लगेच म्हणजे काय? दोन तास म्हणजे दोन तास! घंटा बाबांची आहे! बाबा काय..."

मी दुकानातल्या भिंतीवर बघितलं. पावणेअकरा.

"मामा, हे घड्याळ मागे आहे का रे?"

मामानं मोबाइल बघितला. "बरोबर आहे. का गं?"

 हातातली तार तिथेच टाकली आणि धावले. दोन वर्षांत मी त्या शाळेच्या फाटकातून आत गेले नव्हते. शपथ घेतली होती! शपथ गेली खड्ड्यात!

ऑफिसात मोठ्या बाई, कारकून आणि विज्ञानाचे सर उभे होते. मध्ये बाबा. कोपऱ्यात खोका. आणि खोका उघडलेला होता!

"अहो, साडेदहाला घंटा दिलीत तुम्ही! सगळ्या शाळेचा पेपर अर्धा तास आधी काढून घेतला!" बाई म्हणत होत्या.

"अकराला दिली बाई. माझ्या घड्याळात ठीक अकरा होते." बाबांनी घड्याळ पुढे केलं. "आणि आता पंचवीस मिनिटं झाली."

"आता अकराला दहा कमी आहेत!" कारकुनानं पेटीतून मोबाइल काढून दाखवला. "काका, नऊला माझ्याच मोबाइलवर बघून लावलं होतंत ना?"

"हो. मिनिटाला मिनिट लावलं."

"मग दोन तासांत असं कसं पळेल? तुम्ही वाचताना चुकलात. डोळे तपासून घ्या."

"वर्गावरच्या शिक्षकांना तरी कळायला नको?" मी दारातूनच ओरडले.

सगळे वळले. सरांनी चष्म्यावरून बघितलं. मला ओळखलं. चेहऱ्यावरून कळलं की विसरले नव्हते.

"शिक्षकांना वाटलं होतं, लवकर झालं म्हणून," बाई जरा अडखळल्या. "पण घंटा झाली की वेळ झाली, असा माझाच नियम आहे."

"आणि लवकर घरी जायला कुणाला नको असतं!" मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नकोस," बाबा म्हणाले. हळू म्हणाले. बाबांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "बाई, घड्याळ बरोबर आहे. बावीस वर्षं बरोबर आहे." आणि त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं.

टेबलावर सरांचं होकायंत्र होतं, प्रात्यक्षिकासाठी काढून ठेवलेलं. घड्याळ शेजारी आलं आणि होकायंत्राची सुई गर्रकन वळली. घड्याळाकडे.

बाकी कुणी बघितलं नाही. मी बघितलं.

मी हळूच घड्याळ उचललं. सुई जागेवर गेली. परत ठेवलं. सुई परत वळली, मान वळवून बघावं तशी. आणि मला दिसलं टेबल. आमच्या घरचं. वर रुमालाची घडी, घडीवर घड्याळ, खाली पातळ फळी आणि फळीखाली खणात विटेएवढा चुंबक! लाकडाची फळी घाल, ते थांबत नाही! हात आपटून सांगितलं होतं मी! हात आपटून!

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. अहो, सांगणं सोपं असतं का? ज्या सरांनी मला "तुझ्यानं काही होणार नाही" म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं, त्यांच्यासमोर? पण कारकून खोक्यातून पेचकस काढत होता आणि बाबा भिंतीवर जिथे ती विजेची घंटा लागणार होती त्या जागेकडे बघत होते.

"मी केलं!" मी ओरडले. सांगायचं होतं हळू, पण मला हळू येत नाही. "बाबांची चूक नाही! घड्याळात चुंबकत्व शिरलंय! मी काल त्याच्याखाली चुंबक ठेवला!"

"काय?" बाबा म्हणाले.

"का?" बाई म्हणाल्या.

"चुंबकीय क्षेत्र शिकवायला!"

सर पहिल्यांदाच पुढे झाले. "कुणाला?"

"तुमच्याच विद्यार्थिनीला! घड्याळात केसासारखी बारीक स्प्रिंग असते, गोल गुंडाळलेली. ती आकसते, पसरते, त्यावर काटे चालतात. चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. मग ती आखूड झाल्यासारखी होते आणि भराभर हलते. घड्याळ पळतं! डोळ्यांना काही झालेलं नाही बाबांच्या!"

सरांनी घड्याळ होकायंत्राजवळ नेलं. लांब नेलं. जवळ नेलं. "हे तू वर्गात असताना का नाही बोललीस कधी?"

"वर्गात तुम्ही बोलू कुठे देत होतात!"

"ठिणगे!" बाबा.

"बरं, हे कायमचं असं?" बाईंनी विचारलं.

"मामाच्या दुकानात दहा मिनिटांत काढून दाखवते!" परत शेखी. मला काही शिकायचंच नाही.

वरात निघाली. पुढे मी, मागे बाबा रुमालात घड्याळ धरून, मग बाई, सर, कारकून, फाटकावर भांडायला आलेले सात-आठ पालक आणि मागे निम्मी आठवी. मामानं एवढी माणसं दुकानाकडे येताना बघितली आणि शटर ओढायला लागला.

"मामा, थांब! ग्रोलर हवाय!"

ग्रोलर म्हणजे मोटारीचा फिरता भाग तपासायचं यंत्र. लोखंडाचा ठोकळा, त्याभोवती तार. चालू केलं की गुरगुरतं. वीज तारेतून फिरते तेव्हा चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, म्हणून ते क्षेत्रही शंभर वेळा उलटंपालटं होतं.

"हे बघा," मी घड्याळ हातात घेतलं. "लोखंडातले कण म्हणजे पोरं समजा. चुंबकानं त्यांना प्रार्थनेसारखं एका दिशेला तोंड करून उभं केलंय. हे यंत्र त्यांना सेकंदाला शंभर वेळा 'मागे फिर' सांगणार. आणि तसंच सांगत असताना मी घड्याळ हळूहळू लांब नेणार. आवाज लांब गेला की पोरं गोंधळून जिकडे असतील तिकडे तोंड करून बसतात. संपली प्रार्थना!"

"आमची मुलं असं करत नाहीत," बाई म्हणाल्या.

"करतात बाई," सर आणि बाबा एकदम म्हणाले.

ग्रोलर चालू केला. घर्रर्र! बाई वाकून बघायला लागल्या आणि त्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खाट्कन यंत्राला चिकटून थरथरायला लागला. बाईही थरथरायला लागल्या. "अहो, सोडवा! सोडवा मला!"

मामानं घाबरून बटण बंद केलं.

"मामा! बंद का केलंस! घड्याळ अजून जवळच होतं ना! मधेच बंद केलं तर पोरं जशी असतील तशी सावधानमध्ये अडकतात!"

सरांनी होकायंत्र धरलं. सुई आधीपेक्षा जोरात वळली.

"वाढलं," सर म्हणाले.

बाबांनी डोळे मिटले. पालकांतून कुणीतरी म्हणालं, "बाई, ती विजेची घंटाच बरी." माझ्या कानातून धूर निघायचा बाकी होता! मी बाईंना किल्ल्यांसकट चार पावलं मागे उभं केलं, मामाला बटणापासून हाकललं आणि परत चालू केलं. या वेळी कुणाकडे बघितलं नाही. घड्याळ ठोकळ्याजवळ धरलं आणि हात मागे, मागे, अजून मागे, दुकानाच्या दारापर्यंत, रस्त्यापर्यंत. तिथे गेल्यावर ओरडले, "आता बंद!"

होकायंत्र आणलं. सुई हलली नाही.

बाबांनी मामाच्या घड्याळावर बघून वेळ लावली आणि सगळे उभे राहिले. दहा मिनिटं. पालक, पोरं, बाई, सगळे एका तळहातात मावणाऱ्या घड्याळाकडे टक लावून. मी आयुष्यात दहा मिनिटं गप्प बसले नव्हते. भिंतीवर दहा मिनिटं झाली. बाबांच्या घड्याळातही दहाच झाली. बाबांनी ते कानाला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

बाईंनी घसा साफ केला. "पेपर सोमवारी परत होईल. नवा. घंटा..." त्या बाबांकडे बघायला लागल्या.

"त्या खोक्यातल्या घंटेतही विजेचा चुंबकच असतो बाई," मी म्हटलं. "आणि वीज गेली की ती गप्प. बाबा वीज गेली तरी वाजवतात."

"आणि वीज आपोआप जाते, चुंबक तरी माणसानं आणून ठेवावा लागतो," सर हळूच म्हणाले.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "खोका बंद. पण एका अटीवर. ही मुलगी त्या घड्याळाच्या चार हातांच्या आत येणार नाही. घरीसुद्धा."

बाबांनी तेव्हाच्या तेव्हा मान हलवली. विचारसुद्धा केला नाही! स्वतःच्या मुलीसाठी!

सोमवारी पोपटचा पेपर झाला. पूर्ण दोन तास. पाचवा प्रश्न होता, "क्षेत्र म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत उदाहरणासह लिहा." सरांनी मुद्दाम घातला असणार. पोपटला त्यात पैकीच्या पैकी मिळाले आणि सरांनी ते उत्तर शाळेच्या फलकावर लावलं.

मी बघायला गेले. अभिमानानं गेले, खोटं कशाला सांगू! पंधरा मिनिटांत शिकवलं होतं मी! पोरांची गर्दी बाजूला केली आणि वाचलं:

"माझ्या ताईच्या सभोवतालच्या ज्या भागात वस्तू बिघडतात, त्या भागाला ताईचं क्षेत्र म्हणतात. ते जवळ जास्त असतं, लांब कमी असतं. मध्ये लाकडाची फळी घातली तरी ते थांबत नाही."

भडकायला हवं होतं. पण काय करणार, व्याख्या अगदी बरोबर होती.